नाव नाकारणारा कर्नल : निकोला लेबेल

जुन्या फ्रेंच लष्करी बंदुकांचा संग्रह करणाऱ्या माणसाशी दोन घटका बोलत बसले की एक नाव हमखास निघते : लेबेल. भिंतीवर टांगलेली, लांबलचक, दोन तुकड्यांचा लाकडी दस्ता आणि मध्ये पोलादी पेटी असलेली ही रायफल संग्राहक मोठ्या ममतेने हातात घेतात. पहिल्या महायुद्धात फ्रेंच पायदळाने जी बंदूक खांद्यावर वाहिली ती हीच. तिचे अधिकृत नाव केवळ सालावरून पडले होते, ‘१८८६ ची रायफल’ एवढेच. लोकांनी मात्र तिला एका लष्करी अधिकाऱ्याचे नाव दिले, आणि ते इतके रुजले की सरकारी नाव मागे पडले. ज्याचे नाव दिले त्या निकोला लेबेल यांना ते मान्य नव्हते. ही बंदूक आपण घडवलेली नाही, आपला वाटा तिच्या गोळीपुरताच आहे, असे ते सांगत राहिले. जगाने त्यांचे ऐकले नाही. कीर्तीसाठी माणसे काय काय करतात हे आपण रोज पाहतो. आयती चालून आलेली कीर्ती परत करू पाहणाऱ्या या माणसाची कथा म्हणूनच सांगण्याजोगी आहे.

निकोला लेबेल यांचा जन्म १८ ऑगस्ट १८३८ रोजी ईशान्य फ्रान्समधील सँ मिएल या गावी झाला. म्यूज नदीच्या काठचे हे लॉरेन प्रांतातील जुने गाव. सोळाव्या शतकातील शिल्पकार लिजिए रिशिए याच गावचा. येथील चर्चमधील त्याचे शिल्प पाहायला आजही लोक जातात. पुढे या गावाच्या वाट्याला युद्धाच्या इतिहासातही एक दुःखद जागा येणार होती. त्याकडे आपण शेवटी येऊ. लेबेल यांचे शिक्षण आंजे येथे झाले आणि त्यानंतर ते फ्रान्सच्या सँ सीर या प्रसिद्ध लष्करी विद्यालयात दाखल झाले. तेथून बाहेर पडणारा तरुण पायदळाचा अधिकारी होतो. लेबेल यांचेही तसेच झाले. ते कारखान्यातले अभियंते नव्हते, रसायनशास्त्रज्ञही नव्हते. ते होते पायदळाचे शिपाईगडी आणि पुढे नेमबाजीचे शिक्षक. त्यांच्या नावाभोवती जो गैरसमज झाला तो समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले तेव्हा लेबेल कॅप्टन होते. सेदाँच्या लढाईत ते होते. फ्रान्सच्या इतिहासातील ही अत्यंत मानहानीची लढाई. सप्टेंबरच्या आरंभी खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन आपल्या सैन्यासह शत्रूच्या हाती सापडला आणि साम्राज्य कोसळले. यातली बोचणारी गोष्ट अशी की त्या वेळी फ्रेंच शिपायाच्या हातातील बंदूक शत्रूच्या बंदुकीहून सरस होती. आंत्वान शास्पो यांनी बनवलेली १८६६ ची ‘शास्पो’ रायफल प्रशियाच्या ड्रायझे बंदुकीपेक्षा कितीतरी लांब मारा करत असे. तरीही फ्रान्स हरला. कारण शत्रूच्या तोफा चांगल्या होत्या, त्याची जमवाजमव शिस्तीची होती आणि त्याचे सेनापती जागे होते. चांगले हत्यार म्हणजे विजय नव्हे, हा धडा सेदाँने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या एका पिढीला दिला. युद्धानंतर आल्सास आणि लॉरेनचा मोठा भाग जर्मनीकडे गेला. मेस हे मोठे शहर गेले. सँ मिएल फ्रान्समध्ये राहिले, पण नवी सरहद्द त्याच्या बरीच जवळ सरकली. लेबेल यांचे जन्मगाव आता सीमेजवळचे गाव झाले होते.

पराभवानंतर फ्रेंच सैन्याने स्वतःला नव्याने उभे करायला घेतले. शास्पो बंदुकीत कागदी काडतूस वापरत; ते ओलाव्याने खराब होई, फाटे. बाझील ग्रा या अधिकाऱ्याने त्याच बंदुकीला धातूच्या काडतुसासाठी सुधारले आणि १८७४ मध्ये ‘ग्रा’ रायफल सैन्यात आली. ती चांगली होती, पण प्रत्येक बारानंतर हाताने नवे काडतूस भरावे लागे. १८७८ मध्ये फ्रेंच नौदलाने क्रोपाचेक पद्धतीची रायफल घेतली. तिच्या नळीखाली आणखी एक नळी असून तीत काडतुसे एकापुढे एक रांगेने बसत. एकीकडे हे प्रयोग चालू असताना लेबेल नेमबाजीच्या प्रशिक्षणाकडे वळले होते. बढत्या मिळत ते लेफ्टनंट कर्नल झाले आणि शालाँच्या लष्करी तळावरील नेमबाजीच्या विद्यालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. बंदूक कागदावर कशी दिसते यापेक्षा ती थकलेल्या शिपायाच्या हातात कशी चालते, गोळी किती अंतरावर किती भरकटते, नळी किती बारांनंतर घाण होते, हे पाहणे या विद्यालयाचे काम. येथील अनुभवामुळेच लेबेल यांना मॅगझिनच्या रायफलींचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीत जागा मिळाली. जनरल त्रामाँ या समितीचे अध्यक्ष होते.

समितीपुढची खरी अडचण बंदुकीची नव्हती, दारूची होती. आपल्याकडे पानिपतावर जी काळी दारू धडाडली, तिच्याच जातीची दारू सेदाँवरही जळत होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण शतकानुशतके चालत आले होते. ते जळले की त्याचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन मागे उरतो. चार-दोन फैरी झाडल्या की शिपायाला समोरचे काही दिसत नाही आणि शत्रूला मात्र तो कोठे आहे ते नेमके कळते. नळीत काजळी साचते, गोळी अडकू लागते. नळी अरुंद करून गोळी अधिक वेगाने सोडावी असे कितीही वाटले तरी ही दारू ते होऊ देत नव्हती.

१८८४ मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रयोगशाळेत पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने ही कोंडी फोडली. नायट्रिक आम्लाने संस्कारित केलेला कापूस, म्हणजे गनकॉटन, स्फोटक असतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण तो इतक्या तडकाफडकी जळे की बंदुकीची नळीच फुटे. व्हिएय यांनी तो ईथर आणि अल्कोहोल यांत कणकेसारखा मळला, त्याचे पातळ पत्रे लाटले, ते वाळवले आणि त्यांच्या बारीक चकत्या कापल्या. आता तो ठरावीक वेगाने, काबूत राहून जळू लागला. धूर जवळजवळ नाहीसा झाला, काजळी उरली नाही, आणि तेवढ्याच वजनाच्या काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट जोर मिळू लागला. बंदुकीच्या इतिहासाचे दोन भाग पाडायचे झाले तर रेघ येथे ओढावी लागेल.

जानेवारी १८८६ मध्ये जनरल जॉर्ज बूलांजे फ्रान्सचे युद्धमंत्री झाले. देखणा, घोड्यावर शोभणारा, गर्दीला भुरळ घालणारा हा माणूस. जर्मनीचा सूड घेणारा सेनापती म्हणून लोक त्याच्याकडे पाहत. त्याने हुकूम सोडला : नव्या दारूची नवी रायफल ताबडतोब हवी, काही महिन्यांत हवी. अगदी नवी बंदूक मुळापासून आखायला वेळ नव्हता. तेव्हा हाताशी असलेल्या गोष्टी जोडून काम भागवायचे ठरले. यातच त्या बंदुकीचे बळ होते आणि तिचे दुबळेपणही.

कोणी काय केले याचा हिशेब येथे मांडायला हवा, कारण लेबेल यांचा आग्रह याच हिशेबाचा होता. दारू व्हिएय यांची. काडतूस ग्रा यांच्या देखरेखीखाली तयार झाले. जुन्या ११ मिलिमीटरच्या काडतुसाचा बुडखा तसाच जाड ठेवून पुढचा भाग ८ मिलिमीटरच्या गोळीसाठी निमुळता करण्यात आला. दोन मजबूत दातांनी पुढच्या बाजूला घट्ट अडकणारा बोल्ट कर्नल बोने यांचा. नळीखालचे आठ काडतुसांचे मॅगझिन आणि काडतूस वर उचलणारी यंत्रणा शातेलरो येथील सरकारी कारखान्यात आल्बेर क्लोज आणि लुई व्हेर्दँ यांनी जमवली. तिचे मूळ नौदलाच्या क्रोपाचेक रायफलीत होते. मग लेबेल यांचे काय? त्यांची ती गोळी.

आता गोळी म्हणजे फार थोडे काम असे वाचकाला वाटेल. ते तसे नव्हते. तोवरच्या गोळ्या शिशाच्या असत. ग्रा रायफलीची गोळी २५ ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटर. नव्या दारूने गोळी सेकंदाला ६०० मीटरच्या पुढे जाऊ लागली. एवढ्या वेगात मऊ शिसे नळीतील पिळाच्या आट्यांना धरू शकत नाही. ते खरवडले जाते, गोळी फिरत नाही आणि नेम चुकतो. म्हणून शिशाच्या गाभ्यावर तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे कवच चढवणे भाग होते. स्वित्झर्लंडच्या एदुआर्ड रुबीन यांनी कवच घातलेल्या गोळीचे प्रयोग आधीच केले होते. लेबेल यांनी १५ ग्रॅमची, संपूर्ण कवचाची आणि बसक्या नाकाची गोळी तयार केली. नाक बसके ठेवण्याला कारण होते. नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते, आणि बुडात मध्यभागी असते ती पेट घेणारी टोपी. नाक टोकदार असेल तर धक्क्याने टोपी फुटून शिपायाच्या हातातच स्फोट व्हायचा. गोळी शत्रूसाठी असते, ती उडवणारा आपला असतो, याचे भान ठेवणाऱ्या नेमबाजीच्या शिक्षकाचे हे काम होते.

२२ एप्रिल १८८७ रोजी ही रायफल सैन्यात अधिकृतपणे दाखल झाली. त्याच महिन्यात सरहद्दीवर श्नेबेले नावाच्या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला जर्मनांनी अटक केली आणि दोन्ही देश पुन्हा युद्धाच्या कडेला आले. ते युद्ध टळले. पण बिनधुराची बंदूक एकट्या फ्रान्सकडे आहे या जाणिवेने बर्लिनमध्ये अस्वस्थता पसरली. पुढच्याच वर्षी जर्मनीने आपली १८८८ ची नवी रायफल आणली. ब्रिटन, ऑस्ट्रिया, रशिया, सगळ्यांची धावपळ सुरू झाली. काही वर्षांत जगातील प्रत्येक मोठ्या सैन्याची जुनी बंदूक निकामी ठरली. शातेलरो, सेंत एत्येन आणि त्यूल या तीन सरकारी कारखान्यांतून फ्रान्सने पुढे सुमारे २८ लाख रायफली तयार केल्या.

आणि या रायफलीला लोकांनी लेबेल म्हटले. गोळीला लेबेलची गोळी म्हणत, ते नाव गोळीवरून बंदुकीवर सरकले असावे असे समजणे स्वाभाविक आहे. राष्ट्राला एका तोंडी बसणाऱ्या नावाची गरज होती, आणि समितीला तसे नाव नसते. दुसरा कोणी असता तर गप्प राहिला असता. पराभूत राष्ट्राला मान वर करायला लावणारी बंदूक आपल्या नावाने ओळखली जाते, यापरता मान शिपाईगड्याला कोणता? लेबेल मात्र अवघडले. बोने, ग्रा, व्हिएय आणि इतरांच्या श्रमावर आपले नाव पडते आहे हे त्यांना रुचले नाही. ही रायफल समितीची आहे, आपण तीत एक सभासद होतो, असे त्यांनी वारंवार सांगितले. त्यांचा निषेध नोंदवला गेला. नाव मात्र राहिले.

याच काळात बूलांजे यांची कथा अगदी उलट दिशेने चालली होती. त्यांना नाव हवे होते, आणि ते रस्त्यारस्त्यावर गाजत होते. मे १८८७ मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले, पण लोकप्रियता वाढत राहिली. जानेवारी १८८९ मध्ये पॅरिसची निवडणूक त्यांनी प्रचंड मतांनी जिंकली. त्या रात्री त्यांनी मनात आणले असते तर सत्ता हाती घेतली असती असे अनेकांना वाटत होते. त्यांचे धाडस झाले नाही. अटकेच्या भीतीने ते परदेशी पळाले आणि ३० सप्टेंबर १८९१ रोजी ब्रुसेल्सजवळच्या स्मशानात, आपल्या दिवंगत प्रेयसीच्या थडग्यावर त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

लेबेल त्याच वर्षी, पण चार-पाच महिने आधी गेले. कर्नलपदापर्यंत पोहोचल्यावर हृदयविकाराने त्यांना ग्रासले. १८९० मध्ये त्यांनी सैन्यातून निवृत्ती घेतली आणि पश्चिम फ्रान्समधील व्हित्रे या लहानशा गावी सरकारी वित्तखात्यात करवसुलीच्या कामावर ते रुजू झाले. ज्यांच्या नावाने युरोपातील दरबार दचकत होते तो मनुष्य आयुष्याच्या अखेरीस वसुलीच्या वह्या तपासत होता. ६ मे १८९१ रोजी व्हित्रे येथे त्यांचे निधन झाले. वय ५२. जनरलचे पद नाही, धन नाही, सत्ता नाही. एकाने नाव मागितले आणि ते त्याला घेऊन बुडाले. दुसऱ्याने नाकारले आणि ते त्याच्यामागे जगभर फिरले.

लेबेल यांनी श्रेय घेतले नाही ही त्यांच्या पश्चात एका परीने सोयीची गोष्ट ठरायला हवी होती, कारण घाईत बनलेल्या या बंदुकीचे दोष लवकरच उघडे पडले. नळीतील काडतुसे एकेक करून भरावी लागत. जर्मन मॉझर रायफलीत एका दाबासरशी पाच काडतुसे बसत. जुन्या काडतुसावरून घेतलेला जाड बुडखा आणि एकदम निमुळता होणारा देह यांमुळे त्या काडतुसासाठी चांगली मशीनगन बनवणे अवघड झाले. शोशा या हलक्या मशीनगनचे अर्धवर्तुळाकार मॅगझिन त्या आकारापायीच तसे करावे लागले. १८९३ मध्ये रायफलीत काही सुधारणा झाल्या. १८९८ मध्ये देझाल्यो या अधिकाऱ्याची टोकदार, मागे निमुळती होणारी, पितळी मिश्रधातूची एकसंध गोळी आली आणि मारा खूप लांबला. आता टोक टोपीवर आदळू नये म्हणून काडतुसाच्या बुडाला टोपीभोवती गोल खाच पाडावी लागली. लेबेल यांनी बसक्या नाकाने टाळलेला धोका असा खाचेने टाळला गेला. पण दोष काढणाऱ्यांनी दोषही लेबेल यांच्याच नावावर टाकले. जे त्यांनी केले नव्हते त्याची कीर्ती मिळाली, तशीच जे केले नव्हते त्याची निंदाही.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच शिपाई हीच रायफल घेऊन निघाला. विसंगती अशी की शत्रूला दिसू नये अशी बिनधुराची बंदूक त्याच्या हाती होती, आणि पायांत होती दुरून उठून दिसणारी लाल विजार. ती बदलायला पहिल्या महिन्यांतील भयंकर संहार व्हावा लागला. रायफलीच्या टोकाला लावायची लांबलचक, चार धारांची संगीन शिपायांमध्ये ‘रोझाली’ या लाडक्या नावाने ओळखली जाई. मार्न, व्हेर्दँ, सोम, सर्वत्र लेबेल होती. उत्तर फ्रान्सच्या चिखलात नव शापेलला भारतीय पलटणी ब्रिटिश ली एनफील्ड घेऊन लढत होत्या, तेव्हा त्याच आघाडीच्या फ्रेंच खंदकांत लेबेलचे बार वाजत होते.

आणि सँ मिएल? सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन सैन्याने ते गाव घेतले. फ्रेंच आघाडीत खुपसलेल्या पाचरीसारखा तो भाग चार वर्षे शत्रूच्या ताब्यात राहिला. आसपासच्या टेकड्यांवर तो परत घेण्यासाठी हजारो फ्रेंच तरुणांनी प्राण दिले. त्यांच्या हातांत ज्याच्या नावाची बंदूक होती त्याचेच जन्मगाव समोर होते, आणि ते सुटत नव्हते. सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकन आणि फ्रेंच सैन्याने मिळून ते मुक्त केले. सेदाँने जे शिकवले होते तेच सँ मिएलने पुन्हा सांगितले : बंदुकीच्या जोरावर सगळे होत नाही.

आज या रायफली संग्रहांत आहेत. जाणकार संग्राहक पेटीवरचे कारखान्याचे वळणदार अक्षरांतील नाव वाचतो, नळीवरचे साल आणि क्रमांक पाहतो, दस्त्याचे लाकूड मूळचे आहे का ते तपासतो. ‘एन’ हे अक्षर उमटवलेले दिसले तर १९३२ च्या अधिक जोरदार काडतुसासाठी तिची नळी आतून सुधारली गेली आहे हे तो ओळखतो. जे अजूनही नेमबाजीच्या मैदानावर ती झाडतात ते काडतुसे बहुधा स्वतः भरतात, आणि भरताना गोळीचे नाक बसके निवडतात. नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळी आणि साधी टोपी एकत्र येऊ देऊ नये, हा नियम नवख्याला आधी शिकवला जातो. लेबेल यांचा खरा वारसा तो हाच. त्यांचे नाव बंदुकीवर आहे, पण त्यांची काळजी त्या गोळीच्या नाकात आहे.

विज्ञान आणि शस्त्रे यांच्या इतिहासात एकाच्या नावावर अनेकांचे श्रम जमा होतात. हे बहुधा कोणी मुद्दाम करत नाही. लोकांना लक्षात ठेवायला एक नाव सोपे जाते इतकेच. अशा वेळी ज्याचे नाव पुढे येते त्याने खरे बोलावे एवढीच अपेक्षा उरते. निकोला लेबेल ते बोलले. बोने, ग्रा, व्हिएय, क्लोज, व्हेर्दँ ही नावे आज निदान जाणकारांच्या ओठी येतात, आणि लेबेल यांची आठवण काढताना त्या सहकाऱ्यांचीही काढावी लागते. स्वतःच्या नावाबद्दल त्यांनी धरलेला आग्रह एवढ्यापुरता तरी वाया गेला नाही.